पेरुंगुडीहून साताऱ्याला

७ फेब्रुवारी १८७८ च्या 'ज्ञानप्रकाशा'त महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांनी मराठी ग्रंथकारांस एकत्र जमण्याविषयी आवाहन केले, आणि त्याच वर्षीच्या ११ मे रोजी पुण्याच्या हिराबागेत सुमारे पन्नास मंडळी त्या आवाहनास मान देऊन हजर झाली. मराठी साहित्य संमेलनाचा इतिहास लिहिणारे सर्वजण आरंभ या दुसऱ्या तारखेपासून धरतात, आणि ते रीतसरच आहे. परंतु त्या दोन तारखांच्या मधल्या तीन महिन्यांविषयीचे कुतूहल माझ्या मनातून अलीकडे जात नाही. तालुक्याच्या गावी शाळाखात्यात नोकरी करून रात्री समईच्या उजेडात एखादे पुस्तक लिहून काढलेल्या माणसाने ते आवाहन वाचले असेल, तेव्हा त्याच्या मनात काय आले असेल? रजेचा अर्ज त्याने कोणत्या शब्दांत लिहिला असेल, बैलगाडीने कोणत्या स्टेशनापर्यंत जाण्याची तजवीज केली असेल, आपल्याच पुस्तकाची प्रत बरोबर घ्यावी की घेऊ नये याचा किती विचार केला असेल, आणि सभेत आपल्याला बोलण्याची पाळी आली तर काय बोलावे याचा मसुदा किती वेळा खोडला असेल? सभेची नोंद दफ्तरी राहिली, या तयारीची राहिली नाही. हा लेख त्या तयारीविषयी आहे. १ ते ४ जानेवारी २०२६ या चार दिवसांत साताऱ्यास नव्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरत आहे, विश्वास पाटील त्याचे अध्यक्ष आहेत, आणि चेन्नईच्या पेरुंगुडी या उपनगरातून मी आयुष्यात प्रथमच संमेलनास निघाले आहे.

पेरुंगुडी हे चेन्नईच्या दक्षिण अंगाला आहे. २०११ साली महानगरपालिकेची हद्द वाढली तेव्हा ते शहरात आले. त्यापूर्वी ती एक स्वतंत्र नगरपंचायत होती. पूर्वेस राजीव गांधी सलाई आणि तिच्या दुतर्फा संगणक-उद्योगाच्या काचेच्या इमारती, मधोमध नव्या मेट्रोचे खांब, आणि पश्चिमेस पळ्ळिकरणैची दलदल. उन्नत लोहमार्गाच्या स्टेशनावर सकाळी उभे राहिले की एका बाजूस वेताएवढ्या लव्हाळ्यांतून पाणकावळे उठताना दिसतात, आणि वारा फिरला की शहराच्या कचराभूमीचा दर्प येतो. त्याच पाण्यात हिवाळ्याच्या तोंडाशी रोहित पक्षीही उतरतात. २०२२ साली या दलदलीची आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गणना झाली. सोलापूर, नाशिक, सांगली, अमरावती या गावांतून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे या भागात भाड्याच्या घरांत राहतात. त्यांची मुले शाळेत तमिळ शिकतात, घरी मराठी बोलतात, आणि मराठी वाचण्याचा प्रसंग त्यांना वर्षातून फार थोडा येतो. येथे दिवाळी अंक येतात ते ऐन पावसात, कारण ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस याच दिवसांत कोसळतो. टपालाचे पुडके उघडताना कोपरे ओले झालेले असतात, आणि अंक पंख्याखाली पसरून वाळवूनच वाचावे लागतात. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून जी प्रथा सुरू केली, तिची परिसीमा दक्षिणेस कोठवर गेली आहे याचा तो दाखलाच म्हणावयाचा.

प्रवासाची तजवीज ही तयारीची पहिली बाब, आणि तिच्यात विलंब चालत नाही. रेल्वेने १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली. म्हणजे ३० डिसेंबरला चेन्नईहून निघावयाचे तर तिकीट ३१ ऑक्टोबरच्या सकाळी आठला खुले होणार, आणि वर्षाअखेरीची गर्दी लक्षात घेता त्या सकाळी जो जागा राहील त्यालाच जागा मिळणार. मार्ग जुनाच आहे : रेणिगुंटा, कडप्पा, गुंतकल, रायचूर, मग सोलापूर, दौंड आणि पुणे. पुण्यास उतरून एसटीने खंबाटकीचा घाट ओलांडावयाचा की सातारा सुमारे ११० किलोमीटरांवर. दक्षिणेकडच्या माणसास आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. चेन्नईत जानेवारीतही अंगावर सुती वस्त्राहून अधिक काही लागत नाही, आणि साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी त्याच दिवसांत पहाटेची थंडी हाडांत शिरते. रात्री उशिरापर्यंत चालणारे कविसंमेलन उघड्या मैदानावर ऐकावयाचे असेल तर शाल आणि पायमोजे हे कवितेच्या वहीइतकेच आवश्यक आहेत. प्रतिनिधी म्हणून नाव नोंदवणे, निवासाची सोय आयोजकांकडे मागावी की स्वतः करावी हे ठरवणे, आणि कविकट्ट्यास कविता पाठवावयाची असल्यास आयोजकांनी जाहीर केलेले नियम व मुदत नीट वाचून ती वेळेत रुजू करणे, ही कामे आयत्या वेळेवर टाकणाऱ्याची फार ओढाताण होते, असे जे जे जाऊन आले त्या सर्वांनी मला एकमुखाने सांगितले.

अशा जाऊन आलेल्यांपैकी एक निवृत्त शिक्षिका आमच्याच गल्लीत मुलाकडे राहतात. मूळच्या सोलापूरच्या. २०१५ साली पंजाबातील घुमानला, नामदेवांच्या गावी, सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली संमेलन भरले तेव्हा त्या गेल्या होत्या, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्लीला तारा भवाळकरांचे भाषण ऐकण्यासाठी पुण्याहून निघालेल्या साहित्ययात्रींच्या खास गाडीतही त्या होत्या. त्यांना मी एका संध्याकाळी गाठले. बाहेर पाऊस, स्वयंपाकघरात चकलीची भाजणी परतण्याचा वास, आणि काकू भाजणी हलवता हलवता बोलत होत्या.

"मुख्य मंडपात बसलं म्हणजे संमेलन पाहिलं असं समजू नकोस हं," त्या म्हणाल्या. "तिथं उद्घाटन होतं, सत्कार होतात, आणि त्यात फार वेळ जातो. अध्यक्षांचं भाषण मात्र सोडायचं नाही, आणि छापील प्रत मिळाली तर रात्री पुन्हा वाचायची. बाकी वेळ लहान मंडपांत जा. चाळीस माणसं बसलेली असतात, पण बोलणाऱ्यानं वर्षभर त्या विषयावर काम केलेलं असतं."

ग्रंथप्रदर्शनाविषयी त्यांचे मत पक्के होते. पहिल्या दिवशी पाहावे आणि यादी करावी, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घ्यावे. समारोपाच्या दिवसापर्यंत थांबले तर हवे ते संपलेले असते, आणि पहिल्याच दिवशी घेतले तर उरलेले दिवस ओझे वाहण्यात जातात. जड पुस्तके तेथूनच टपालाने घरी धाडावीत. ग्रंथदिंडी चुकवू नये, कारण सबंध गाव रस्त्यावर आलेले असते आणि शाळेची पोरे लेझीम खेळत असतात; संमेलन कोणाच्या घरी आले आहे ते तेथे कळते. "आणि जेवणाच्या रांगेत," भाजणी खाली उतरवीत त्या म्हणाल्या, "पुढच्या माणसाला विचारायचं, तुम्ही कुठले? घुमानला असंच विचारलं तर एक शेतकरी भेटले. नामदेवगाथा पाठ होती त्यांना. दहा वर्षं झाली, अजून त्यांचा फोन येतो."

तयारीचा दुसरा आणि खरा भाग वाचनाचा. संमेलनास जाणारा प्रत्येक मनुष्य अध्यक्षांचे नाव जाणतो, त्यांची पुस्तके जाणतोच असे नाही. विश्वास पाटलांची 'पानिपत' १९८८ साली आली आणि मराठी घराघरांत पोहोचली. परंतु साताऱ्यास जाण्यापूर्वी 'झाडाझडती' वाचावी असे मला वाटले, आणि मी ती पुन्हा वाचली. साहित्य अकादमीचा १९९२ चा पुरस्कार मिळालेली ही कादंबरी धरणाखाली गाव गेलेल्या माणसांची आहे. मोबदल्याचे कागद, पुनर्वसनाचे नकाशे, कचेरीतल्या खेपा, आणि जमीन गेलेल्या माणसाचे हळूहळू कोणीच नसणे, हे सारे तिच्यात शासकीय कारभाराच्या आतल्या बाजूने पाहिलेले आहे. ज्या जिल्ह्यात संमेलन भरत आहे त्याच जिल्ह्यात कोयनेचे धरण आहे, आणि त्याच्या पाण्याखाली गावे गेली आहेत. मंडपाच्या मागील रांगेत त्या गावांची नातवंडे बसलेली असणार, हे ध्यानात ठेवून अध्यक्षीय भाषण ऐकणारा श्रोता आणि केवळ प्रसिद्ध लेखकाचे दर्शन घेण्यास आलेला श्रोता यांच्या ऐकण्यात फार अंतर पडते.

मग मी साताऱ्याचा पूर्वेतिहास वाचू लागले. १८८५ साली दुसरी ग्रंथकारसभा पुण्यास कृष्णशास्त्री राजवाडे यांच्या अध्यक्षतेखाली झाली, आणि त्यानंतर वीस वर्षे सभा भरलीच नाही. ती खंडित परंपरा १९०५ मध्ये साताऱ्यानेच पुन्हा जोडली; अध्यक्ष होते रघुनाथ पांडुरंग करंदीकर. पुढच्याच वर्षी, २७ मे १९०६ रोजी, महाराष्ट्र साहित्य परिषद स्थापन झाली. साताऱ्यास नंतर १९६२ साली काकासाहेब गाडगीळांचे आणि १९९३ साली विद्याधर गोखल्यांचे संमेलन झाले, म्हणजे २०२६ चे चौथे. परंतु या जिल्ह्याचा संमेलनाशी जो सर्वांत तेजस्वी संबंध आहे तो साताऱ्यात घडला नाही, तो कऱ्हाडात घडला. डिसेंबर १९७५, देशात आणीबाणी, वृत्तपत्रांवर नियंत्रण, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण केंद्रात मंत्री, आणि अध्यक्षपदी दुर्गा भागवत. त्या व्यासपीठावरून दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याचा उच्चार निर्भयपणे केला, आणि आजारी असलेल्या जयप्रकाश नारायण यांना आराम पडावा म्हणून प्रार्थना करण्यास सभेला सांगितले. पुढे दुर्गाबाईंना कारावासही घडला. संमेलने म्हणजे निव्वळ उत्सव, असे म्हणणाऱ्या कोणाही सुशिक्षित माणसास मी कऱ्हाडची आठवण देऊ इच्छिते. उत्सवाच्या मांडवातच ते घडले, आणि तो मांडव नसता तर ते शब्द हजारो माणसांनी एकाच वेळी ऐकले नसते.

ठरावांचेही तसेच आहे. संमेलनाच्या खुल्या अधिवेशनातील ठराव कोणी वाचत नाही अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. परंतु मे १९४६ मध्ये बेळगावला, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राची मागणी करणारा ठराव झाला. चौदा वर्षांनी राज्य अस्तित्वात आले, आणि ज्या गावी ठराव झाला ते गाव मात्र त्या राज्यात आले नाही. ही गोष्ट सीमाभागातील मराठी माणूस अजून विसरलेला नाही, आणि त्याने विसरूही नये.

तयारी करणाऱ्याने जमलेल्यांचा इतिहास वाचावा, तसाच न आलेल्यांचाही वाचावा. १८८५ च्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेले होते. त्यांनी येण्यास नकार दिला, आणि नकाराचे पत्र 'ज्ञानोदया'त छापून आले. ज्यांच्या सभांत आणि पुस्तकांत शूद्रातिशूद्रांच्या हक्कांचा विचारच नाही त्यांच्याशी आमचा मेळ कसा बसावा, हा त्या पत्राचा सारांश होय. फुल्यांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण, आणि कटगुण सातारा जिल्ह्यातच आहे. त्या पत्राने विचारलेला प्रश्न पुढे मिटला नाही. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन झाले, त्याचे उद्घाटन अण्णाभाऊ साठ्यांनी केले. १९९९ साली धारावीत बाबूराव बागुलांच्या अध्यक्षतेखाली विद्रोही साहित्य संमेलन भरले, आणि तो प्रवाह आजही वाहतो आहे. मला असे प्रामाणिकपणे वाटते की, अखिल भारतीय म्हणवणाऱ्या संमेलनास प्रथम जाणाऱ्याने फुल्यांचे ते पत्र वाचूनच घराबाहेर पडावे. मंडपात कोण बसले आहे हे डोळ्यांना दिसते. कोणाची खुर्ची मांडलेलीच नाही हे दिसण्यासाठी आधी वाचन लागते.

येथे मला माझ्या स्वतःच्या प्रांताचा विचार सुचला. १८७८ पासून दिल्लीपर्यंत अठ्ठ्याण्णव संमेलने झाली. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, भोपाळ, मडगाव, बेळगाव, घुमान, दिल्ली असे महाराष्ट्राबाहेरचे त्यांचे मुक्काम आहेत. तमिळ भूमीवर एकही नाही. आणि मराठी वाङ्मयाची जुनी पेढी तर या भूमीवर आहे! व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात तंजावरास राज्य स्थापले. त्यांचे पुत्र शहाजीराजे यांनी तेथे मराठीत नाटके लिहिली. 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे त्यांपैकी एक, आणि ते सतराव्या शतकाच्या अखेरीचे. सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले ते १८४३ मध्ये, म्हणजे सुमारे दीडशे वर्षांनंतर. दुसऱ्या सरफोजीराजांनी आपल्या छापखान्यात १८०६ च्या सुमारास इसापाच्या गोष्टी 'बालबोध मुक्तावली' या नावाने मराठीत छापल्या, आणि 'देवेंद्र कुरवंजी' या नाटकात तर त्यांनी कुरवंजी या तमिळ नाट्यप्रकाराच्या द्वारे सबंध पृथ्वीचा भूगोल मराठीत सांगितला. आजही तमिळ हरिकथेत जे साकी, दिंडी, ओवी, अभंग गायले जातात ते तंजावरास आलेल्या मराठी कीर्तनकारांचे देणे आहे, आणि ती कला तंजावूर कृष्ण भागवतरांनी तमिळ श्रोत्यांसाठी घडवली.

म्हणून साताऱ्याच्या तयारीत मी तंजावर धरले. बृहदीश्वराच्या प्राकाराच्या भिंतीवर सरफोजीराजांच्या आज्ञेने १८०३ साली कोरलेला भोसलेवंशाचा मराठी इतिहास आहे. दुपारचे तिरपे ऊन पडले की अक्षरे वर उठून दिसतात. देवनागरीच, पण ओळ संपते तेथे शब्द संपत नाही, तो पुढच्या ओळीत सुखेनैव चालू राहतो. बोट दगडावरून फिरवीत, अडखळत, शब्द जुळवीत वाचावे लागते. पायाखालची फरशी तापलेली, बाजूला शाळेची सहल, तमिळ मुले दगडावरील अक्षरे पाहून ही हिंदी का म्हणून विचारीत होती. मराठी, असे मी सांगितले. ती मुले निघून गेली तरी मी तेथेच होते, कारण शिवाजीमहाराजांच्या घराण्याची हकीकत चोळांच्या देवळावर मराठीत वाचावयास मिळते आणि ती वाचण्यास येणारे मराठी प्रवासी देवदर्शन उरकून परस्पर गाडीत बसतात, हे दुःख तेथून हलू देत नव्हते. जवळच सरस्वती महाल ग्रंथालय. तेथील मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रे हा केवढा ठेवा आहे हे अभ्यासक जाणतात. सामान्य वाचकास मात्र या ग्रंथालयाने मराठी नाटकांच्या छापील आवृत्त्या काढल्या आहेत हेसुद्धा ठाऊक नसते. त्यांपैकी मिळाल्या त्या प्रती मी घेतल्या. त्या माझ्या सामानात सर्वांत वर असतील.

सातारा आणि तंजावर ही एकाच भोसले कुळाची दोन राज्ये, आणि दोन्ही एकाच धोरणाने खालसा झाली, एक १८४८ साली आणि दुसरे १८५५ साली. साताऱ्याजवळ सज्जनगडावर समर्थांची समाधी आहे, तसे तंजावरात रामदासी मठ आहेत. या दोन गावांतला व्यवहार तीनशे वर्षांपूर्वी आजच्याहून अधिक होता, ही गोष्ट लिहिताना मला खेद होतो.

आमच्या शेजारच्या मामी तमिळ वाङ्मयाच्या उत्तम वाचक आहेत. जानेवारीत चेन्नईत मोठे ग्रंथप्रदर्शन भरते, १९७७ पासून भरत आले आहे, आणि मामी तेथे दरवर्षी रिकाम्या पिशव्या घेऊन जातात व भरल्या पिशव्या घेऊन येतात. लेखकांना ऐकण्यासाठी मी इतक्या दूर जाणार हे ऐकून त्यांना आश्चर्य वाटले नाही. १९६८ साली मद्रासेत जागतिक तमिळ परिषद भरली तेव्हा त्या लहान होत्या. समुद्रकिनाऱ्यावर तिरुवळ्ळुवर, अव्वैयार, कंबर, भारती यांचे पुतळे त्या निमित्ताने उभे राहिले, आणि ते पाहण्यास वडिलांनी आपल्याला खांद्यावर बसवून नेल्याचे त्या अजून सांगतात. त्यांनी मला एकच विचारले, आणि तो प्रश्न माझ्या तयारीचा कणा होऊन बसला : "तू तिथं जाऊन ऐकशील, ते ठीक. पण इथलं काय सांगशील त्यांना?"

सांगण्यासारखे पुष्कळ आहे. २००४ साली तमिळ ही अभिजात ठरलेली पहिली भाषा. मराठीस तो दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला, आणि आपण पेढे वाटले, ते योग्यच झाले. परंतु दर्जा मिळाल्यानंतर तमिळांनी काय केले हे पाहावयाचे असेल तर पेरुंगुडीहून दलदलीला वळसा घालून पेरुंबाक्कमला जावे. तेथे अभिजात तमिळची केंद्रीय संस्था आहे, आणि २०२२ च्या जानेवारीत तिची नवी वास्तू खुली झाली. एकेचाळीस प्राचीन तमिळ ग्रंथ मुक्रर करून त्यांच्या चिकित्सक आवृत्त्या सिद्ध करण्याचे काम त्या संस्थेने अंगावर घेतले आहे. मराठीपुढे अशी कोणती यादी आहे? लीळाचरित्रापासून बखरींपर्यंत कोणते ग्रंथ, कोणी, किती वर्षांत चिकित्सापूर्वक छापावयाचे, आणि त्या यादीत तंजावरच्या नाटकांना जागा आहे की नाही, हा प्रश्न साताऱ्याच्या एखाद्या परिसंवादात मी एका वाक्यात विचारणार आहे. एका वाक्यात असे मुद्दाम म्हणते, कारण श्रोत्यांनी प्रश्न म्हणून भाषणे करावीत आणि सूत्रसंचालकाने घड्याळ दाखवावे, हा प्रकार काकूंनी मला बजावून सांगितला आहे.

परप्रांतातून संमेलनास काय घेऊन जावे याचा आदर्श मला साने गुरुजींत सापडला. १९३० च्या चळवळीत गुरुजी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात होते. दाक्षिणात्य सहबंदींच्या सहवासात त्यांनी तमिळशी ओळख करून घेतली आणि तिरुवळ्ळुवरांचा कुरळ मराठीत आणला. एका प्रांताच्या माणसाने दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, हे त्या तुरुंगातील बीज त्यांनी जपले, आणि १९४९ साली पुण्यास शंकर दत्तात्रेय जावडेकरांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या संमेलनात त्यांनी आंतरभारतीची कल्पना मराठी साहित्यिकांपुढे ठेवली. पुढच्याच वर्षी गुरुजी गेले. कावेरीकाठच्या तुरुंगातील रात्री, आणि पुण्याच्या मंडपातील ते काही मिनिटांचे बोलणे, यांच्यामध्ये जवळजवळ दोन दशकांची तयारी आहे.

कवितेविषयी थोडे सांगितले पाहिजे. मी कविकट्ट्यासाठी एकच कविता निवडली आहे, पळ्ळिकरणैच्या पाण्यावरची. गॅलरीत उभी राहून मी ती मोठ्याने म्हणते. डोळ्यांनी वाचताना गोड वाटलेली दोन कडवी आवाजात उतरेनात, ती काढून टाकली. श्वास जेथे तुटतो तेथे ओळ तोडली. कट्ट्यावर शेकडो कवी येतात, प्रत्येकास मोजका वेळ मिळतो, आणि आपल्याआधीच्या कवीची कविता मन लावून ऐकणे हे स्वतःची कविता म्हणण्याइतकेच कर्तव्य आहे. प्रथम जाणाऱ्यांनी तेथे प्रसिद्धीची अपेक्षा धरू नये. आपल्यासारखेच लिहिणारे एवढे आहेत हे पाहण्याचा आनंद धरावा. मला त्याची फार ओढ आहे. वर्षानुवर्षे मी मराठी लिहिते ती ज्या खोलीत, तिच्या चारी भिंतींपलीकडे मराठीचा शब्द क्वचितच कानी पडतो. हजारो माणसे एकाच वेळी मराठीत हसताना, वाद घालताना, एखाद्या ओळीला दाद देताना कशी दिसतात ते मी पाहिलेले नाही.

सातारच्या आयोजकांस आणि साहित्य महामंडळास माझी विनंती आहे. ग्रंथप्रदर्शनात तंजावरच्या सरस्वती महालाच्या मराठी प्रकाशनांसाठी एक गाळा राखून ठेवावा, आणि तो साताऱ्यास शक्य नसेल तर शंभराव्या संमेलनात तरी ठेवावा. तंजावरच्या मराठी नाटकांवर एक परिसंवाद ठेवून त्यास तंजावर-मराठी बोलणाऱ्या कुटुंबांतील, अजून ती बोली घरात राखलेल्या माणसांना निमंत्रण द्यावे. चेन्नईत अशी कुटुंबे आहेत आणि त्यांचे मराठी ऐकण्यासारखे आहे. बंगळूर, चेन्नई, कोइंबतूर येथील मराठी मंडळांनी गणेशोत्सवाच्या खर्चातून थोडी रक्कम बाजूस काढून दरवर्षी एका तरुण वाचकास संमेलनास पाठवावे आणि परतल्यावर त्याच्याकडून हकीकत ऐकावी. ज्यांना हा लेख वाचून यावेसे वाटेल त्यांनी ३१ ऑक्टोबरची सकाळ लक्षात ठेवावी. आरक्षण आठ वाजता उघडते.